मशीनची साखळी, हातची साखळी

२००३ साली इंटरनेटवर एक व्हिडिओ फिरू लागला. मोरिमोतो नावाचा जपानी खेळाडू 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' फक्त ११ मिनिटांत संपवतो. तोफगोळ्यांच्या मधून केसभर अंतरानं निसटतो, शत्रूच्या डोक्यावरून शत्रूच्या डोक्यावर उड्या मारतो, जमिनीला पाय लागू देत नाही. लोक वेडे झाले. मग कळलं की हे एका बैठकीत खेळलेलं नाही. एम्युलेटरवर, गेम अतिशय हळू करून, चुकलं की मागे जाऊन, तुकड्या-तुकड्यानं रचलेलं आहे. व्हिडिओवर तसं ठळक लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी आदल्या दिवशी टाळ्या वाजवल्या, तेच दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायला लागले.

त्या शिव्या अजून थांबलेल्या नाहीत. माझा भाचा इतवारीत राहतो, खाली दुकान आणि वर घर. त्यानं जुन्या मारिओच्या पहिल्या लेव्हलचा टास केला. टास म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन. एका लेव्हलसाठी त्यानं तीन आठवडे घातले. मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि अर्ध्या तासात 'चीटर' हे नाव पडलं. "मामा, मी तं लिहूनच टाकलं होतं न, टास आहे म्हणून," तो म्हणाला. मग त्यानं तो डिलीट केला. तीन आठवड्यांचं काम एका शब्दानं गेलं, आणि तो शब्द मला चुकीचा वाटतो. म्हणून हे लिहितोय.

आधी टासमध्ये होतं काय, ते नीट बघू. जुना मारिओ सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो, म्हणजे ६० फ्रेम. टास करणारा प्रत्येक फ्रेमला थांबतो आणि ठरवतो, आत्ता कोणतं बटण दाबलेलं असावं. जमलं नाही तर सेव्ह केलेल्या जागी परत जातो. पाच मिनिटांच्या आतल्या खेळासाठी असे सुमारे अठरा हजार निर्णय. शेवटी हातात उरते ती एक फाइल: कोणत्या फ्रेमला कोणतं बटण, इतकंच. गेमच्या कोडला हात लावलेला नसतो. मारिओला जास्त जीव दिलेले नसतात, भिंती काढलेल्या नसतात. ती फाइल गेमला पुन्हा दिली की गेम बिचारा प्रामाणिकपणे तेच करतो, जे त्या बटणांवर त्यानं करायला हवं.

म्हणजे हे खेळणं कमी आणि लिहिणं जास्त आहे. संगीताच्या नोटेशनसारखं म्हणा.

आता सराफ्यात या. इतवारीत मशीनची साखळीही मिळते आणि हातानं घडवलेलीही. मशीनची कडी न् कडी सारखी, हातची जरा इकडेतिकडे. घडणावळ वेगळी, गिऱ्हाईक वेगळं. मशीनची साखळी विकणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. चोर तो, जो मशीनची साखळी हातची म्हणून विकतो आणि हातची घडणावळ लावतो. फसवणूक वस्तूत नसते, चिठ्ठीत असते. २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालेलं हॉलमार्क तरी दुसरं काय करतं? दागिना सुंदर आहे की नाही, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. आत काय आहे, तेवढं सांगतं.

टासवाल्यांना हे लवकर कळलं. मोरिमोतोच्या गोंधळाच्याच वर्षी, डिसेंबरात, बिस्क्विट या नावानं वावरणाऱ्या फिनलंडच्या प्रोग्रॅमरनं टासव्हिडिओज ही साइट सुरू केली. तिथे सगळं उघड असतं: कोणता एम्युलेटर, किती वेळा मागे जाऊन पुन्हा केलं, फाइलसुद्धा डाउनलोडला. करणाऱ्यानं सोबत टिपण लिहायचं असतं, आणि माझ्या मते त्या साइटवरचं सगळ्यात वाचनीय साहित्य ते टिपणच. अर्धी फ्रेम वाचवायला काय केलं, हे लोक प्रेमपत्रासारखं लिहितात.

बुद्धिबळातही असंच आहे. नागपूरच्याच दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. आज वरच्या दर्जाचा कोणताही खेळाडू घरी इंजिन लावून तयारी करतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. तेच इंजिन स्पर्धेच्या पटावर खिशात सापडलं तर करिअर संपतं. आणि पत्रव्यवहारानं खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात, त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत, इंजिन उघडपणे चालतं. हत्यार तेच, फक्त खोली बदलली.

उलट उदाहरणही घ्या. २०२० मध्ये ड्रीम या यूट्यूबरचे माइनक्राफ्टचे काही रन नाकारले गेले, कारण त्याला मिळालेल्या वस्तूंचं नशीब गणितात बसत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यानं मान्य केलं की बदललेली फाइल चालू होती. त्याच्या रनवर 'माणसाचा, न बदललेल्या गेमवर' अशी चिठ्ठी होती. टासपेक्षा तिथे कंप्युटरनं कितीतरी कमी काम केलं होतं, तरी चीटिंग ते. तुमच्या बीजीएमआयच्या लॉबीत ऑटो-एम लावून बसलेला पोरगाही त्याच रांगेतला, कारण समोरचे नव्व्याण्णव जण त्याला आपल्यासारखाच समजून खेळत असतात.

टासचा दुसरा उपयोग मला जास्त आवडतो. सराफाकडे काळा दगड असतो, कसोटीचा. दागिना घासायचा आणि रेघ बघायची. टास हा तसा दगड आहे. अटारीवरच्या 'ड्रॅगस्टर' या गेमचा ५.५१ सेकंदांचा विक्रम टॉड रॉजर्स याच्या नावावर १९८२ पासून होता. एरिक कोझिएल यानं गेमचा कोड उलगडून, एकेका फ्रेमच्या शक्यता तपासून दाखवलं की गेममध्ये ५.५७ च्या खाली जाताच येत नाही. २०१८ मध्ये तो विक्रम ट्विन गॅलेक्सीजनं काढून टाकला. पस्तीस वर्षं माणसांनी माणसावर विश्वास ठेवला, आणि खोटं पकडलं ते 'चीटिंग'वाल्या हत्यारानं.

आणि हा दगड माणसाला खाली ढकलतो, असंही नाही. पहिल्या मारिओत लेव्हल संपली की गेम लगेच पुढे नेत नाही. दर २१ फ्रेमनं फाटक उघडतं, साधारण ०.३५ सेकंदाला एकदा. फाटक उघडायच्या आधी दहा फ्रेम पोचलात की एक फ्रेम, फरक शून्य. फाटक चुकलं की पुढच्याची वाट बघा. म्हणून तिथे विक्रम थेंबाथेंबानं नाही, झटक्यानं तुटतात. कोणतं फाटक गाठता येतं, हे आधी टासनं दाखवलं. झेंड्याच्या खांबाशी झेंडा खाली यायचा वेळच वाचवणारी युक्ती आधी टासमध्ये दिसली, मग माणसांनी वर्षानुवर्षं घासून ती बोटांत आणली. २०२१ मध्ये निफ्टस्की हा खेळाडू पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत आला. आज माणूस आणि टास यांच्यात अर्धा सेकंदही उरलेला नाही.

टासची बाजू घेतो म्हणून सगळं गोड मानत नाही. माणसाच्या रनमध्ये शेवटच्या लेव्हलला जी भीती असते, ती टासमध्ये येत नाही आणि येऊ शकत नाही. काही टास सलग बघवत नाहीत. सगळंच अचूक असलं की डोळा सुस्तावतो. म्हणून मोरिमोतो मला अजून आवडतो. 'मारिओ ३'मध्ये काही लेव्हलचा पडदा आपल्या गतीनं सरकतो, तिथे कुणीच वेळ वाचवू शकत नाही. तो तिथे गप्प उभा राहत नाही, शत्रूंवर उड्या मारत जीव गोळा करत बसतो. वेगाला वाव नाही तिथे शैली सुरू होते, आणि शैली मशीनची नाही, त्याची आहे.

एक गोष्ट मात्र मला खरंच अडते. कंट्रोलरच्या अधिकच्या आकाराच्या बटणावर डावं आणि उजवं एकदम दाबता येत नाही. फाइलमध्ये येतं, आणि काही गेममध्ये त्यानं पात्र वेड्यासारखं सुसाट सुटतं. कोड बदललेला नाही, हे खरं. पण ते बटण कुणाच्या अंगठ्याला शक्यच नव्हतं. टासव्हिडिओजवर हे चालतं. मला विचाराल तर ते चालावं, पण चिठ्ठीवर वेगळं लिहून.

भाच्याची फाइल त्याच्याकडे अजून आहे, फक्त व्हिडिओ गेला. मी त्याला सांगितलंय की परत टाक, पण या वेळी बटणं स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसू दे. कॅप्शन कापून कुणी रील बनवलं तरी कोपऱ्यातली बटणं सहज कापता येणार नाहीत.