अधोरेखा आणि शिरोरेखा : वेबपानावरील देवनागरीचा एक प्रश्न

लिपीचे सौंदर्य आणि लिपीची सुवाच्यता या दोन भिन्न गोष्टी मानल्या जातात. परंतु अक्षराखाली ओढलेल्या एका रेघेच्या ठिकाणी त्या दोहोंची एकदमच परीक्षा होते. वेबपानावर अधोरेखा ही दुव्याची खूण म्हणून आरंभीच रूढ झाली. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली पातळी प्रमाण म्हणून मान्य झाली, तेव्हा 'टेक्स्ट-डेकोरेशन' या गुणधर्माने ही रेघ देणे वा काढून घेणे पानाची मांडणी करणाराच्या हाती आले. ती नेमकी कोठे ओढावी, हे ठरविण्याचे साधन मात्र त्या वेळी त्याला मिळाले नाही. रोमन अक्षरे ज्या आधाररेषेवर उभी असतात, तिच्या किंचित खाली ही रेघ सामान्यतः येते. देवनागरी अक्षरे शिरोरेखेला लटकलेली असतात. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहिण्याची रीत होती. ज्या लिपीचा आधार वर आहे तिला खालच्या आधारावरून मोजलेली रेघ लावणे, हेच प्रस्तुत दोषाचे मूळ होय.

एक साधे उदाहरण घ्यावे. मीरा-भाईंदरमधील एखादा पत्ता 'केबिन रोड, भाईंदर पूर्व' असा दुवा म्हणून दिला आहे. 'केबिन रोड' येथे सर्व मात्रा व वेलांट्या अक्षरांच्या वर किंवा बाजूला असल्याने रेघ निर्वेध जाते. 'भाईंदर' येथेही फारसे बिघडत नाही. 'पूर्व' येताच मात्र 'प'खालचा दीर्घ उकार रेघेत सापडतो. रोमन लिपीत हाच पत्ता लिहिला, तर 'ईस्ट' हा शब्द सुरक्षित राहतो आणि अडचण येते ती 'भाईंदर'मधील 'वाय' या अक्षराच्या शेपटीची. केवळ 'केबिन रोड' एवढ्यावर रेघेची परीक्षा करणारास दोन्ही लिपी सारख्याच निर्दोष वाटतील.

वस्तुतः या दोन अडचणींची योग्यता सारखी नाही. 'वाय'ची शेपटी हा एका अक्षराचा अवयव आहे. ती छेदली गेली तरी उरलेल्या आकारावरून अक्षर ओळखता येते. उकार हा स्वतंत्र स्वर आहे. 'पुर' म्हणजे नगर आणि 'पूर' म्हणजे नदीला आलेला लोंढा. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा. हा सारा भेद अक्षराखालच्या चिन्हाच्या वळणावर अवलंबून असतो. 'कृपा'मधील ऋकार आणि 'वाङ्मय'मधील पाय मोडल्याची खूण यांचीही तीच स्थिती. तेव्हा रोमन लिपीत जी कुरूपता ठरते, ती देवनागरीत अर्थहानी ठरू शकते.

या दोषावर 'टेक्स्ट-डेकोरेशन-स्किप-इंक' हा उपाय सांगितला जातो. रेघ अक्षराला भिडेल तेथे तिला खंड पाडावा, असा त्याचा आशय आहे. त्याचे मूळ मूल्य 'ऑटो' असल्याने आजच्या प्रमुख ब्राउझरांत हे न सांगताही घडते. 'पूर्व'खाली पडणारा एक खंड खपून जातो. परंतु 'सुमुहूर्त' यासारख्या शब्दात तीन अक्षरांखाली लागोपाठ चिन्हे आल्यावर रेघेचे केवळ तुकडे उरतात. तुटक रेघेसाठी सीएसएसमध्ये 'डॅश्ड' हा प्रकार स्वतंत्रपणे योजलेला असताना, अखंड रेघच तुटक दिसू लागावी हे इष्ट नव्हे. अपवादासाठी योजलेला उपाय येथे नियम होऊन बसतो.

याहून योग्य मार्ग रेघ तोडण्याऐवजी खाली नेण्याचा आहे. 'टेक्स्ट-अंडरलाइन-पोझिशन' याला 'अंडर' हे मूल्य दिल्यास रेघ उकारांच्याही खाली जाते. 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट'ने हे अंतर अक्षराच्या आकाराच्या प्रमाणात ठरविता येते. तथापि खाली गेलेली रेघ पुढील ओळीतील रफार, अनुस्वार आणि मात्रा यांच्या जवळ येते. म्हणून 'लाइन-हाइट' न वाढविता केलेली ही सुधारणा अर्धवट होय.

शिरोरेखेशी असलेले नातेही विसरता येत नाही. अधोरेखा शिरोरेखेइतकीच जाड असेल, तर शब्द दोन समान रेघांत कोंडल्यासारखा दिसतो. म्हणून 'टेक्स्ट-डेकोरेशन-थिकनेस'ने ती बारीक ठेवणे युक्त. तिचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. शिरोरेखा प्रत्येक शब्दाशेवटी थांबते, अधोरेखा मधली मोकळी जागा ओलांडून जाते. 'केबिन' आणि 'रोड' हे दोन शब्द मिळून एकच दुवा आहे, हे ती तत्काळ सांगते.

म्हणूनच अधोरेखा काढून टाकून केवळ रंगाने दुवा दाखविण्याची प्रथा समर्थनीय ठरत नाही. २००८ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही रंग हे एकमेव साधन असू नये असेच सांगितले आहे. मराठी मजकुरात भर देण्यासाठी ठळक टाइप आहेच. अधोरेखा दुव्यापुरती राखावी. एचटीएमएलमध्ये मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदविण्याची सोय आहे, आणि त्या नोंदीच्या आधारे सीएसएसला मराठीपुरता वेगळा नियम सांगता येतो. द्विभाषिक पानावर दोन्ही लिपींना एकच माप लावणे ही आता साधनांची उणीव राहिलेली नाही. ती लिपीविषयीच्या अनवधानाची खूण आहे.