जागल्याला आचारसंहिता आहे, कवच नाही

‘व्हिसलब्लोअर’साठी मराठीत ‘जागल्या’ हा शब्द आता रुळला आहे. शब्द जुनाच. रात्री गावाचा पहारा करणारा तो जागल्या. चोर दिसला की ओरडायचं, हे त्याचं कामच. आपल्या सरकारी व्यवस्थेत मात्र ओरडणं हे काम की गुन्हा, हे अजून ठरलेलं नाही. हे आम्ही रागानं म्हणत नाही, नियम वाचून म्हणतो आहोत.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. तिसरा नियम पूर्ण सचोटी मागतो. अकरावा नियम सांगतो, आदेशाशिवाय सरकारी कागद बाहेर द्यायचा नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण ज्या कनिष्ठ अभियंत्याला खोटी बिलं दिसतात, त्याला एक नियम ‘बोल’ म्हणतो आणि दुसरा ‘गप्प बस’. मग त्यानं जायचं कुठं?

सत्येंद्र दुबे वरती गेले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले हे अभियंते. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातला गैरव्यवहार त्यांनी २००२ साली थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयच्या मते तो लुटीतून झाला; २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. तपासाचा निष्कर्ष मान्य केला, तरी सरकारच्या हातून नाव फुटलं, ही गोष्ट उरतेच.

त्यानंतर २००४ मध्ये केंद्रानं ठराव काढला आणि तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. पण हा ठराव केंद्राच्या कार्यालयांपुरता. राज्याच्या पाटबंधारे खात्यातल्या किंवा जिल्हा परिषदेतल्या कर्मचाऱ्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय ठराव म्हणजे कायदा नव्हे.

कायदा २०१४ मध्ये झाला. त्यात राज्यंही आली, सामान्य नागरिकही आला. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची २०१० मध्ये हत्या झाली, हे आपल्याला आठवत असेल. अशा माणसालाही हा कायदा तक्रारदार मानतो. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. फक्त एक अडचण आहे. तो कधी लागू होणार, ते सरकारनं राजपत्रात जाहीर करायचं आहे आणि दहा वर्षं उलटून गेली तरी ती अधिसूचना निघालेली नाही!

गंमत बघा, त्याच २०१४ मध्ये वर्तणूक नियमांत प्रामाणिकपणा, उच्च नैतिक मूल्यं, उत्तरदायित्व अशी कलमं वाढवली गेली. ती लगेच लागू झाली. म्हणजे कर्मचाऱ्याकडून घ्यायचं ते ताबडतोब. त्याला द्यायचं ते सवडीनं. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

हा कायदा निर्दोष आहे, असं आम्ही म्हणत नाही. निनावी तक्रार तो घेत नाही. ‘छळ’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या देत नाही. आडगावी बदली, रखडलेली बढती, बिघडवलेला गोपनीय अहवाल यांत बसतात का, यावर वाद होणारच. पण लागू झालेल्या कायद्यातल्या उणिवा न्यायालयात दिसतात आणि दुरुस्त होतात. कपाटातला कायदा सुधारणार कोण?

राष्ट्रीय सुरक्षेचं कारण दिलं जातं. २०१५ चं दुरुस्ती विधेयक त्यासाठीच आलं, लोकसभेत मंजूर झालं आणि पुढं व्यपगत झालं. पण या कायद्यात तक्रार वर्तमानपत्राकडे जातच नाही. ती सरकारनंच नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते. त्याच्यावरही भरवसा नसेल, तर प्रश्न सुरक्षेचा उरत नाही.

तेव्हा सरकारी सेवेतल्या नीतिमत्तेवर पुढचं प्रशिक्षण शिबिर भरेल, तेव्हा व्याख्यात्याला एवढंच विचारा: साहेब, मी ओरडलो तर माझ्यामागं कोण उभं राहील? या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत आचारसंहिता भिंतीवर शोभते, इतकंच. आता आपल्या प्रश्नांकडे वळू.