यक्षीचे मस्तक

रहस्यकथा वाचणे प्राध्यापकास शोभते काय, असा प्रश्न चोपड्यातील आमच्या एका स्नेह्याने परवा आमच्या मेजावर सत्यजित राय यांची 'कैलासे केलेंकारी' पाहून केला. आम्हांस बंगाली येत नाही. आम्ही ती इंग्रजी भाषांतरावरून वाचली. शोभते की नाही हे वाचकांनी ठरवावे. पण या लहानशा पुस्तकाने आमची झोप उडविली, आणि तिला कारण त्यातील खून नव्हे, एवढे सांगणे अवश्य आहे.

ही कथा १९७३ सालची. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरील एका यक्षीचे मस्तक कोणी तोडून परदेशी धनिकास विकले आहे, अशी वार्ता फेलूदा या गुप्तहेरास लागते. तो धनिक ज्या विमानाने निघतो ते कोसळते. मस्तक मात्र वाचते. त्याचा माग काढीत फेलूदा व त्याचे सोबती आपल्या वेरूळास, कैलास लेण्यापाशी येऊन थडकतात.

चोरी कल्पित असली तरी हा व्यापार कल्पित नव्हे. पुरातन वस्तूंच्या निर्यातीस आळा घालणारा कायदा कथेच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली झाला. आमच्या खानदेशाच्या उंबरठ्यावरील अजिंठ्याच्या भित्तिचित्राचा एक तुकडा १९२२ साली लंडनच्या लिलावात विकला गेला. तो आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

राय शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले. विद्यार्थिदशेतच त्यांनी अजिंठा-वेरूळ पाहिले होते. म्हणूनच या कथेत संताप खरा उतरला आहे. एरवीच्या गुप्तहेरकथेत रत्न चोरीस जाते, मालक रडत येतो, रत्न परत मिळते आणि हिशेब मिटतो. येथे फिर्यादीच नाही. पाषाण बोलत नाही, आणि ज्यांचा तो ठेवा त्या लक्षावधी लोकांस आपण लुबाडले गेलो याची खबरही नाही. अशा मुक्या फिर्यादीचे वकीलपत्र गुप्तहेराने आपण होऊन घ्यावे, यातच या पुस्तकाचे मोठेपण आहे.

दोषही येथूनच सुरू होतो. वेरूळास खून पडतो आणि 'काय गमावले' हा प्रश्न मागे पडून 'कोणी मारले' हा पुढे सरसावतो. वेषांतरे, पाठलाग यांत आम्हीही रंगलो, हे नाकारीत नाही. पण कैलास हे दगडावर दगड रचून उभारलेले देऊळ नव्हे. ते एकाच कड्यातून वरून खाली कोरीत आणलेले आहे. तेथील मूर्तीचे मस्तक उतरविणे म्हणजे वस्तू उचलणे नव्हे, अवयव तोडणे होय. एवढे समर्थ स्थळ हाती असून कथेच्या उलगड्यात या गोष्टीस काही काम मिळत नाही. चोर सापडला की पुस्तक समाधान पावते. तुटल्या मानेचे काय, हे ते विचारीत नाही.

हा आक्षेप आम्ही तोऱ्याने घेत नाही. कॉलेजात असताना एका पडक्या हेमाडपंती देवळाच्या ढिगाऱ्यातून आम्ही एक कोरीव तुकडा उचलून आणला होता. कमळाची दीड पाकळी असेल. तीस-पस्तीस वर्षे तो आमच्या मेजावर कागद दाबून बसला आहे, आणि त्यास चोरी म्हणावे असे आम्हांस कधी सुचले नव्हते. पुस्तक मिटल्यावर तो हाती घेतला. परत नेऊन ठेवावा, असे मनात आले. पण तो कोणत्या खांबाचा, कोणत्या बाजूचा, हे आता आठवत नाही. तेव्हाही आम्ही पाहिले नव्हते.

फेलूदास चोर सापडला असता. जागा सापडली नसती. रहस्यकथा जेथे थांबते, तेथून आमची अडचण सुरू होते. पुस्तक वाचनीय आहे, तरुणांनी अवश्य वाचावे, आणि वाचून झाल्यावर आपल्या घरातील फडताळे एकवार पाहावीत.