कचारगडची मुलं आणि 'इतर'चा रकाना

मुलीला कुठलाच धर्म द्यायचा नाही, हे आम्ही दोघांनी ती जन्मायच्या आधीच ठरवलं होतं. आमचं लग्न नोंदणी पद्धतीचं. घरात देव्हारा नाही. बारसं चहा-पोह्यांवर झालं. देवरीत याचा फारसा गाजावाजा झाला नाही. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणाऱ्या माणसाचं सगळंच थोडं विचित्र असतं, असं गावानं धरलेलं आहे. प्रश्न विचारते ती फक्त आजी. "रामाची नाही, किस्नाची नाही, मंग पोरीले रातच्याले गोष्ट कोनती सांगता?" तिला देवाच्या असण्या-नसण्यावर वाद घालायचा नसतो. ती खरोखरच गोष्टीबद्दल विचारत असते.

हा प्रश्न घेऊन मी मराठीतलं विवेकवादी लेखन पुन्हा वाचलं. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' चालवलं, त्यातला तिखटपणा आजही ओसरलेला नाही. 'देवाला रिटायर करा' म्हणणारे श्रीराम लागू आहेत. नरेंद्र दाभोलकरांची पुस्तकं आहेत. त्यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, तेव्हा मी नागपूरला इंजिनीअरिंगला होतो, आणि आमच्या होस्टेलवर पहिल्यांदा कोणी तरी 'अंधश्रद्धा' या शब्दावर गंभीरपणे बोललं. पण हे सगळं लेखन वाढलेल्या माणसाशी बोलतं. ज्याच्या डोक्यात आधीच काही भरलेलं आहे, त्यातलं काय आणि का काढून टाकावं, हे ते उत्तम सांगतं. अडीच वर्षांच्या मुलीच्या डोक्यात तर अजून काढण्यासारखं काही गेलेलंच नाही. शिवाय दाभोलकरांची भूमिका देव-धर्माला सरसकट विरोध करण्याची नव्हती, शोषणाला विरोध करण्याची होती. एका चळवळीसाठी ती शहाणपणाची असेल, पण माझ्या घरातला प्रश्न तिनं सुटत नाही.

मग उरतं 'श्यामची आई'. मराठीत मूल वाढवण्याबद्दलचं इतकं वाचलं गेलेलं दुसरं पुस्तक नाही. साने गुरुजींनी ते 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935 साली ते छापलं गेलं. नास्तिक मित्रमंडळींत त्याची 'रडकं' म्हणून टिंगल होते. मला ती आळशीपणाची वाटते. पुस्तकातली आई व्रतं करते, तुळशीला पाणी घालते, पण श्यामला ती जे शिकवते त्यातलं पुष्कळसं देवाविनाही उभं राहतं. कळ्या तोडू नयेत हे फुलाकडे पाहून कळतं, त्याला शास्त्राचा आधार लागत नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिमटीनं झोडते. त्यातही देव कुठे नाही, असलीच तर लोक मुलाला भित्रा म्हणतील याची लाज आहे. (मारणं मला मान्य नाही, ते वेगळं.)

अडचण दुसऱ्या जागी आहे. म्हाताऱ्या महार बाईला मोळी उचलून दे, असं आई सांगते, आणि घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. दया आणि विटाळ एकाच श्वासात. गुरुजींना हे दिसत नव्हतं असं नाही. याच माणसानं 1947च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. पण पुस्तकात आईचं प्रेम आणि आईचा धर्म इतके एकजीव झालेत की मूल दोन्ही एकदमच गिळतं. मोठ्यानं वाचून दाखवताना मी आंघोळीचं वाक्य गाळू शकतो. मात्र तेवढं गाळलं की ती आई राहत नाही, पाठ्यपुस्तक होतं.

आमच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तर सरळ मुलं वाढवण्याबद्दलचीच आहे. शेजारच्या सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात. आमचं घर गोंड नाही, तरी देवरीत वाढलेल्या मुलाला पिवळे झेंडे लावलेल्या त्या गाड्या ओळखीच्या असतात. कथेची रूपं अनेक आहेत. मुख्य धागा असा: काली कंकालीची तेहतीस मुलं फार खोडकर होती, म्हणून शंभूनं त्यांना गुहेत कोंडलं आणि तोंडावर शिळा लावली. पारी कुपार लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर या वादकानं गुहेपाशी वाजवायला सुरुवात केली. त्या सुरांनी आतल्या मुलांना बळ आलं. आतून मुलांनी, बाहेरून त्यानं जोर लावला. शिळा सरकली आणि हिरासुका तिच्याखाली चिरडला गेला. बाहेर आलेल्या मुलांना लिंगोनं शिकवलं. त्या शिकवणीलाच कोया पुनेम म्हणतात.

ही मांडणी मी वाचली ती मोतीरावण कंगाली यांच्या 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' या हिंदी पुस्तकात. कंगाली नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते. मूळचं नाव मोतीराम, ते त्यांनी स्वतः मोतीरावण करून घेतलं. त्यांची व्युत्पत्ती पुष्कळदा ओढूनताणून आणलेली आहे. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा प्रयत्न तर मला अजिबात पटत नाही: हवं ते उत्तर येईपर्यंत नियम बदलत जायचे, याला डीबगिंग म्हणत नाहीत. पण कथाकार म्हणून त्यांनी जे केलंय ते मोठं आहे, आणि जुनी नोंद शेजारी ठेवली तर ते चटकन दिसतं.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेलं लिंगोचं गीत त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली रिचर्ड टेंपलनं छापलं. तिथेही महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. कारण मात्र खोडी नाही. ते आंघोळ करत नाहीत, त्यांचा वास येतो, धवलगिरी विटाळते. (आणि पार्वतीला मग त्याच वासाची आठवण येऊन करमेनासं होतं! गीत लिहून घेतलं मिशनऱ्यानं, पण हा मिश्कीलपणा गाणाऱ्याचा असणार.) कंगालींच्या पुस्तकात घाणेरडी माणसं जाऊन त्या जागी खोडकर मुलं आली. गुन्हा अस्वच्छतेचा होता तो बालपणाचा झाला. ज्या समाजाला आश्रमशाळेपासून कचेरीपर्यंत सगळे 'सुधारायला' निघालेले असतात, त्याच्या वतीनं हे केवढं मोठं उत्तर आहे. श्यामच्या घरात आंघोळीनं जे काम केलं, तेच हिस्लॉपच्या गीतात वासानं केलं आहे, आणि कंगालींनी नेमकं तेच उपटून टाकलं.

म्हणून ही गोष्ट मी मुलीला सांगतो. शंभूला 'एक रागीट माणूस' करून सांगतो, ती हिरासुकाच्या जागी थांबवते आणि परत वाजवायला लावते. पण ही निधर्मी गोष्ट आहे असा आव आणण्यात अर्थ नाही. लिंगोची शिकवण पुढे सगांमध्ये आणि देवांच्या संख्येत जाते: चार देववाले, पाच, सहा, सात, एकाच संख्येच्या देववाल्यांत लग्न होत नाही. गुहेतून सुटलेल्या मुलांना बाहेर आल्याआल्या कोण कोणाशी लग्न करू शकत नाही याची यादी मिळते. कंगाली याला नैसर्गिक व्यवस्था म्हणतात आणि पुढे जातात. मी इतक्या सहज पुढे जाऊ शकत नाही. वारसा तोलामोलाचा आहे म्हणून तो सक्तीचा नाही असं होत नाही.

तरीही गोंड मित्रांसमोर हे बोलताना मी जपून बोलतो, कारण आमची बाजू सारखी नाही. 2011च्या जनगणनेत साधारण 79 लाख लोक 'इतर धर्म आणि पंथ' या गटात मोजले गेले. त्यांत सरना लिहिणारे सुमारे 49 लाख, गोंडी लिहिणारे दहा लाखांच्या आसपास. त्यांना स्वतःचा रकाना हवा आहे. मला रकानाच नको आहे. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2014 मध्ये स्पष्ट सांगितलं की कोणत्याही सरकारी अर्जात धर्म लिहायची सक्ती करता येत नाही, 'धर्म नाही' असंही लिहिता येतं. कलम 25 मधल्या स्वातंत्र्यात तेही येतं. पण मुलीच्या प्रवेशासाठी एका शाळेचा ऑनलाइन अर्ज उघडला तेव्हा धर्माच्या जागी लाल तारांकन होतं, आणि ड्रॉपडाउनमधला शेवटचा पर्याय 'इतर'. रिकामं सोडलं तर पुढचं पान उघडत नव्हतं. अशी फील्ड मीही बनवली आहेत, ती दहा मिनिटांत ऐच्छिक करता येतात. डेटाबेसमध्ये 'माहिती नाही', 'लागू नाही' आणि 'यादीत नसलेलं काही तरी' या तीन गोष्टी वेगळ्या ठेवतात, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. इथे माझी मुलगी आणि शेजारच्या मडावींची मुलगी एकाच किमतीत साठवल्या जातील. एकीचं नाव घेतलेलं नाही आणि दुसरीला नाव नको आहे, हा फरक त्या टेबलात उरणार नाही.

पुस्तकांकडे परत येतो, कारण कंगालींबद्दलची माझी खरी तक्रार तिथे आहे. तेहतीस मुलांच्या त्या कथेत एकही मूल बोलत नाही. शंभू बोलतो, आई रडते, लिंगो शिकवतो, हिरासुका वाजवतो. आत अंधारात काय होतं, बाहेर आल्यावर शिकवणी आवडली की नाही, कोणी पळून गेलं का, काही कळत नाही. 'श्यामची आई' इथे पुढे जाते, तिच्यातल्या सगळ्या आंघोळींसकट. ते वाढवल्या गेलेल्या मुलानं सांगितलेलं पुस्तक आहे, आणि आईवर रागावलेले दिवसही त्यात आहेत. विवेकवाद्यांच्या घरांत मुलं वाढलीच, आता ती साठ-सत्तरीची असतील. नवस नसलेल्या घरात परीक्षेच्या आदल्या रात्री काय वाटायचं, वर्गातल्या सरस्वतीपूजनाला हात जोडले की नाही, बापाच्या मतांचा कंटाळा कधी आला, हे त्यांच्यापैकी कोणी मराठीत पुस्तकभर लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. कोणाकडे असेल तर ते मला हवं आहे, जुनी झेरॉक्सही चालेल.