जे आलं ते सुंदर?

आजचा विषय फोटोग्राफी आहे हे वाचून काहींना आश्चर्य वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने कॅमेऱ्याबद्दल काय बोलावं? खरं तर कॅमेऱ्याबद्दल मी फारसं बोलणारच नाही. कॅमेऱ्याशिवाय केलेल्या छायाचित्रांबद्दल, आणि ‘प्रयोग’ या एका शब्दाबद्दल बोलणार आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. नातीच्या आग्रहाखातर एका कार्यशाळेला गेलो होतो. विषय होता सायनोटाइप. कृती तशी सोपी. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं एकत्र करायची, मंद उजेडात कागदावर ब्रशने लावायची, कागद वाळला की त्यावर वस्तू ठेवून तो उन्हात न्यायचा. अतिनील किरण पडतात तिथे प्रशियन निळा तयार होतो. वस्तूच्या सावलीतलं रसायन पाण्याने धुऊन जातं आणि कागद पांढरा राहतो. मी पिंपळाचं पान ठेवलं. ढग आले, मला धीर धरवला नाही, कागद लवकर उचलला. धुतल्यावर जवळजवळ सगळंच वाहून गेलं. उरला एक फिकट डाग. मी म्हटलं, ‘बिघडलं.’ शिकवणारे हसून म्हणाले, ‘सर, इथे चूक असं काही नसतंच. जे आलं ते सुंदर.’

हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं होतं, याबद्दल शंका नाही. पण ते माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच कार्यशाळेचं नाव होतं ‘प्रयोग’. आता बघा, कार्ल पॉपरने सांगितलेली एक साधी कसोटी आहे. ज्या विधानाला कुठलाही अनुभव खोटं पाडू शकत नाही, ते विधान विज्ञानाच्या प्रांतातलं नव्हे. तीच कसोटी इथे लावा. जो प्रयोग फसूच शकत नाही, त्याला प्रयोग कशासाठी म्हणायचं? हौस म्हणा. हौस वाईट नाही. पण तिने प्रयोगाचं नाव लावलं की प्रयोगातलं शिकणं हातचं जातं.

या तंत्राचा जन्म आठवा. जॉन हर्शेलने 1842 मध्ये सायनोटाइप शोधला. पुढच्याच वर्षी, 1843 मध्ये, अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी ब्रिटनमधल्या समुद्रशैवालांच्या सायनोटाइपांचा पहिला भाग काढला. टॅलबॉटच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’चा पहिला भाग 1844 चा. म्हणजे छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक बाईंचं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दहा वर्षं त्या हे काम करत होत्या. पानावरचा मजकूरही स्वतःच्या अक्षरात, त्याच पद्धतीने छापलेला. सही फक्त ‘ए. ए.’ पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला होता!

बाई हौशी नव्हत्या. वडिलांनी भाषांतरित केलेल्या लामार्कच्या शंखशिंपल्यांवरच्या ग्रंथासाठी त्यांनी अडीचशेच्या आसपास चित्रं काढली होती. हात तयार होता. तरी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, कारण इतकी बारीक शैवालं हाताने अचूक काढणं कठीण, असं त्यांनीच प्रस्तावनेत सांगितलं आहे. म्हणजे त्यांच्यासमोर प्रश्न होता, आणि उत्तर चुकू शकत होतं. तंतू हलला, कागद नीट चिकटून बसला नाही, ऊन कमी पडलं, तर ते पान त्यांच्या कामाचं नव्हतं.

मराठी व्याकरणातला ‘प्रयोग’ इथे उपयोगी पडतो. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने चिंच खाल्ली’. कर्ता तोच, पण क्रियापद कर्माच्या मागे चालतं. हा कर्मणी प्रयोग. बाईंचं काम मला असं कर्मणी वाटतं. कर्ता हजर आहे, मेहनत त्याचीच आहे, पण लिंग-वचन शैवालाचं. आजची बरीच कामं कर्तरी आहेत. वस्तू कुठलीही असो, क्रियापद ‘मी’च्याच मागे.

आता तुम्ही म्हणाल, सर बाईंची आरती करताहेत. नाही. त्यांच्या पद्धतीची एक मोठी मर्यादा आहे. ज्या विल्यम हार्वेच्या 1841 च्या पुस्तकाला पूरक म्हणून त्यांनी हे काम केलं, त्या हार्वेने शैवालांचे मुख्य गट पाडले ते रंगावरून: तांबडी, हिरवी, तपकिरी. आणि सायनोटाइपमध्ये नेमका रंगच जातो! सगळी शैवालं पांढरी, पाठीमागे निळं. आकार मिळाला, खरं माप मिळालं, रंग गेला. आज प्रदर्शनांत आपण त्याच निळ्यावर भाळतो, समुद्र आठवला म्हणतो. पण तो निळा समुद्राचा नव्हे, लोखंडाच्या क्षाराचा आहे. पुढे इंजिनियर लोकांनी नकाशांच्या प्रती काढायला तोच वापरला. ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द तिथला.

दुसरा मुद्दा वाल्टर बेन्यामिनचा. यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीभोवतीचं वलय विरतं, असं त्याने 1930 च्या दशकात मांडलं. आजचे हातछपाईवाले म्हणतात, आमची प्रत एकमेव, म्हणून वलय परत आलं. पण अ‍ॅटकिन्सबाईंना प्रती हव्या होत्या. त्यांच्याकडे निगेटिव्ह नव्हती. प्रत्येक प्रतीसाठी वस्तू पुन्हा ठेवा, पुन्हा उन्हात न्या. म्हणून दोन प्रती हुबेहूब सारख्या नाहीत. एकमेवपण ही त्यांना मोजावी लागलेली किंमत होती. आपण ती किंमतच माल म्हणून विकतो आहोत.

मग आज कुणी हे करूच नये का? जरूर करावं. संगणकावर निगेटिव्ह तयार करून, पारदर्शक फिल्मवर छापून सायनोटाइप करणाऱ्यांवर ‘हे अस्सल नाही’ असा आरोप होतो. मला तो गैरलागू वाटतो. अस्सलपणा साधनात शोधू नये. काय हवं होतं हे आधी सांगता येतं का, आणि ते आलं नाही हे नंतर कबूल करता येतं का, एवढंच मी विचारीन. हेतू सांगून चाळीस कागद फुकट घालवणाऱ्याला मी प्रयोगशील म्हणेन. पहिल्याच डागाला चौकट करणाऱ्याला नाही म्हणणार. अपघाताने सुंदर काही हाती लागतं, हे मान्य. पण तो अपघात होता हे ओळखायलाही आधी हेतू लागतो.

विद्यार्थ्याला ‘चुकलं’ म्हणायची आपल्याला अलीकडे भीती वाटते. मी चाळीस वर्षं शिकवलं, आणि अनेकदा कठोरपणे चुकीचं म्हटलं. त्याची खंतही आहे. पण ‘चूक नसतेच’ म्हणणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने विद्यार्थ्याचा पुढचा कागद काढून घेतला जातो.

घरी आल्यावर मी गच्चीत एका कागदावर पुठ्ठा सरकवत पट्ट्या पाडल्या: पाच मिनिटं, दहा, पंधरा, वीस. वहीत वेळ आणि आभाळ लिहून ठेवलं. शेवटच्या पट्टीत निळा चांगला भरला, पानाची कडही स्वच्छ आली. शिरा मात्र आल्या नाहीत, कारण ताजं पान जाड, उजेड आरपार जात नाही. आता लहानपणी वहीत ठेवायचो तसं जाळीदार पिंपळपान शोधतो आहे. श्रोत्यांपैकी कुणाच्या जुन्या वहीत असेल तर जपून ठेवा.