सोपे करताना गळणारी माणसे

३ जानेवारी २०२१ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांनी कोविशील्ड लशीच्या आपत्कालीन वापराला परवानगी दिल्याचे जाहीर केले. त्या निवेदनात एक आकडा होता : ७०.४२ टक्के. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधनातून निघालेला आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमुळे आपलासा झालेला हा आकडा मराठीत आला, तो ‘लस सत्तर टक्के परिणामकारक’ अशा सुटसुटीत रूपात. त्याचा सर्रास लावला गेलेला अर्थ असा : शंभर जणांनी लस घेतली, तर सत्तर वाचतील आणि तीस आजारी पडतील. हा अर्थ साफ चुकीचा होता, पण तो लावणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याच्या हाती दिलेल्या वाक्यातून दुसरा अर्थ निघतच नव्हता.

कादंबरी आणि कविता यांच्या भाषेची आपण कसून चिकित्सा करतो. वैद्यकीय संशोधन सामान्य वाचकाला समजावून सांगणारे गद्य मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले आहे. वास्तविक हे गद्य वाचून माणसे औषध घेतात, टाळतात, आहार बदलतात, घाबरतात. म्हणून त्याची परीक्षा साहित्याच्या निकषांवर व्हायला हवी. या लेखापुरता मी एकच निकष घेतो : सोपे करताना लेखक काय गाळतो?

ऑक्सफर्डच्या त्या अभ्यासाचा अंतरिम अहवाल डिसेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. परिणामकारकतेचे मोजमाप ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या स्वयंसेवकांवरून झाले होते. त्यातला गाभा असा सांगता येतो : ५,८०७ जणांना लस दिली, ५,८२९ जणांना तुलनेसाठी दुसरेच इंजेक्शन दिले. लक्षणांसह कोविड झालेले पहिल्या गटात ३० निघाले, दुसऱ्या गटात १०१. पहिल्या मात्रेनंतरच्या तीन आठवड्यांपुढे रुग्णालयात दाखल करावे लागलेले दहा जण होते आणि ते दहाही दुसऱ्या गटातले होते.

या चार वाक्यांत एकही अवघड शब्द नाही. शिवाय ‘सत्तर टक्के’ म्हणजे काय, तेही आपोआप उलगडते. लस न मिळालेल्यांत जिथे शंभर जण आजारी पडतात, तिथे लस मिळालेल्यांत साधारण तीस पडतात. म्हणजे हा आकडा दोन गटांमधल्या फरकाचा आहे. लस घेतलेल्या एकट्या माणसाच्या नशिबाचा नाही. दुसरा गट गाळला की आकडा अधांतरी लोंबकळतो आणि वाचक त्याला हाताशी येईल तो अर्थ जोडतो. लोकांना सर्वांत जास्त धीर देऊ शकली असती ती दहा जणांची गोष्टही त्याच गळतीत गेली.

आणखी एक गोष्ट गळली. ७०.४ ही दोन निकालांची गोळाबेरीज होती. दोन पूर्ण मात्रा घेतलेल्यांत परिणामकारकता ६२.१ टक्के आली. मात्रेच्या मोजणीतल्या तफावतीमुळे ब्रिटनमधल्या काही जणांना पहिली मात्रा अर्धीच दिली गेली होती, त्यांच्यात ती ९०.० टक्के आली. भारतात द्यायच्या होत्या त्या दोन पूर्ण मात्रा. दशांश चिन्हापुढचे ‘४२’ वाचकाला अचूकतेचा दिलासा देत होते, आणि त्याच वेळी त्या आकड्याला असलेला जोड झाकत होते.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक अनेक घरांत आहे. वैद्यकीय संशोधन मराठीत इतक्या आपुलकीने क्वचितच उतरले असेल. या पुस्तकामागे असलेल्या प्रेरणांपैकी एक म्हणजे अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांचे काम. आहार, योग, ध्यान, चालणे आणि गटातला मोकळा संवाद यांनी हृदयरोग माघारी फिरू शकतो, असे त्यांनी मांडले. ‘माघारी फिरणे’ हे शब्द वाचकाच्या मनात घर करतात. आता मूळ अभ्यास पाहू. तो १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटात २८ रुग्ण होते, दुसऱ्यात २०. वर्षभराच्या अंतराने काढलेल्या दोन अँजिओग्राफी ताडून पाहता आल्या त्या २२ आणि १९ जणांच्या. नवी जीवनशैली पाळणाऱ्यांत रक्तवाहिन्यांचे अरुंद होणे सरासरी ४०.० टक्क्यांवरून ३७.८ वर आले. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात ते ४२.७ वरून ४६.१ वर गेले.

नुसता पहिला गट पाहिला तर बदल दोन टक्क्यांहून जरासा जास्त. उत्साहाने वाचणारा हिरमुसेल. दुसरा गट शेजारी ठेवला की कळते, एकीकडे वाहिन्या किंचित मोकळ्या होत होत्या, त्याच काळात दुसरीकडे त्या आणखी बुजत होत्या. या अभ्यासाचे मोल या तुलनेत आहे. आणि माणसे इतकी थोडी आहेत की सावधगिरीही तितकीच हवी. बंगांच्या पुस्तकाचे बळ मात्र एका माणसाच्या अनुभवात आहे. शीर्षकातला ‘माझा’ हा शब्द ते प्रामाणिकपणे कबूल करतो. अडचण होते ती आपण वाचक त्या ‘माझा’चे ‘सर्वांचा’ करून टाकतो तेव्हा. आत्मकथनात नायक एकच असतो. ज्याला ते उपचार मिळाले नाहीत, असा दुसरा माणूस त्या साहित्यप्रकारात मावतच नाही.

मग मराठीत हे साधलेच नाही का? साधले आहे, आणि तेही बंग दांपत्याच्याच कामात. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत नवजात बालकांच्या घरोघरच्या सेवेचा अभ्यास केला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासत, न्यूमोनिया आणि जंतुदोषावर उपचार करत. ४७ गावे तुलनेसाठी होती. सुरुवातीला हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ३९ गावांत ६२ होते, ४७ गावांत ५८. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, पहिल्या गावांत ते २५.५ वर आले. दुसऱ्या गावांत ५९.६ राहिले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापला.

गडचिरोलीतल्या कामात सोपेपणा आधी हातात आला, मग कागदावर. अक्षरओळख नसलेल्या दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो, तर न्यूमोनिया. यात न्यूमोनियाच्या निदानाचा निकष जसाच्या तसा शाबूत आहे. गळला तो फक्त आकडेमोडीचा जाच. असे घडले, कारण दाईने पुढे काहीतरी करायचे होते. जिला कृती करायची आहे तिच्यासाठी सोपे करताना निकष गाळून चालत नाही.

याच परंपरेतले ‘कोवळी पानगळ’ हे महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरच्या अहवालाचे शीर्षक. मराठीत आरोग्याच्या कोणत्याही अहवालाला इतके बोलके नाव मिळालेले मला ठाऊक नाही. सरकारी भाषेतला ‘अर्भक मृत्युदर’ जे करू शकत नव्हता ते या दोन शब्दांनी केले. तरीही या प्रतिमेबद्दल एक आक्षेप नोंदवायला हवा. पानगळ ऋतूने होते. तिला कोणी जबाबदार नसते. ३९ गावांत ही गळ निम्म्याहून खाली आली आणि त्याच जिल्ह्यातल्या ४७ गावांत होती तिथेच राहिली, म्हणजे ती ऋतूची नव्हती. अभ्यासाने जे सिद्ध केले, त्यालाच प्रतिमा नकळत छेद देते. प्रतिमेने हळहळ वाटते. ‘हे टळले असते’ हे कळायला तुलनेची गावे लागतात.

आता हा प्रश्न गडचिरोलीहून आपल्या दाराशी आणू. दिव्याहून दोन स्थानकांवर कळवा आहे. तिथे ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न अशा महाविद्यालयांत एम.डी., एम.एस.साठी प्रबंध लिहावा लागतो. तो इंग्रजीत असतो, आणि त्यातली माणसे दिवा, मुंब्रा, डोंबिवलीहून आलेली असू शकतात. अभ्यासात घेण्यापूर्वी संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत समजावून द्यावे, हा नियम आहे. पुढे निष्कर्ष काय निघाला, हे त्याच भाषेत त्या रुग्णाला सांगण्याची रीत पडलेली नाही. माणूस अभ्यासात शिरतो मराठीतून, आणि अभ्यास संपतो इंग्रजीत.

हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत, सहभागी व्यक्तींना निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय द्यावा, असे म्हटले आहे. युरोपीय संघात ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार औषधचाचणी संपल्यावर सर्वसाधारणपणे वर्षभरात सामान्य माणसाला कळेल असा सारांश द्यावा लागतो. भारतात २००७ साली सुरू झालेल्या चाचण्यांच्या नोंदणीत प्रत्येक अभ्यासाला शास्त्रीय शीर्षकाबरोबर ‘जनतेसाठीचे शीर्षक’ देण्याची जागा आहे. पण तेही इंग्रजीतच असते. जनता कोण, हे त्या रकान्यापुरते तरी ठरून गेलेले दिसते.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी मराठीत एक पान असावे : किती माणसे होती, कोणाची कोणाशी तुलना केली, दोन्हींकडे काय झाले, आणि काय अजून कळलेले नाही. ते पान रुग्णालयाच्या भिंतीवर लावावे. मराठी पत्रकारांनीही ‘संशोधनातून सिद्ध’ लिहिण्याआधी याच चार प्रश्नांची उत्तरे बातमीत आहेत का, ते पाहावे. ब्रिटन-ब्राझीलमधले ते १०१ आजारी, अमेरिकेतले बुजत्या वाहिन्यांचे १९ रुग्ण, गडचिरोलीतली ४७ गावे : यांच्यामुळेच आपल्याला काय उपयोगी पडते ते कळले. मराठीत ती गोष्ट सांगताना निदान एक वाक्य त्यांच्या वाट्याला यावे.