‘डर्टी डझन’मधले किती हरले? प्रश्नच का चुकतो

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये माझा पहिला प्रश्न असा होता: अमेरिकेत पर्यावरणवादी संघटनांनी ज्यांच्याविरुद्ध प्रचार केला, त्यांच्यापैकी किती उमेदवार हरले? गाइडनी वाचून एवढंच विचारलं, “ती यादी केली कोणी?” संघटनांनीच! झालं, माझं रिसर्च डिझाइन तिथेच कोसळलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेची काँग्रेस म्हणजे तिथली संसद. ‘लीग ऑफ कॉन्झर्वेशन व्होटर्स’ ही 1970 पासूनची संघटना दोन गोष्टी करते. प्रत्येक सदस्याला पर्यावरणविषयक मतदानावरून 0 ते 100 गुण देते (स्कोअरकार्ड) आणि 1996 पासून, ज्यांना पाडायचं त्यांची ‘डर्टी डझन’ यादी काढते. मग जाहिराती, घरोघरी प्रचार वगैरे.

सगळ्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे रिचर्ड पॉम्बो. कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन, हाऊसच्या रिसोर्सेस कमिटीचे अध्यक्ष आणि धोक्यातल्या प्रजातींच्या संरक्षण कायद्यात मोठे बदल करू पाहणारे. 2004 मध्ये जेरी मॅकनर्नी यांना त्यांच्याविरुद्ध सुमारे 39 टक्के मतं मिळाली. 2006 मध्ये पर्यावरण संघटना जोरात उतरल्या आणि मॅकनर्नी सुमारे 53 टक्के मतांनी जिंकले. संघटनांचाच विजय, नाही का?

थांबा. त्याच वर्षी इराक युद्धावरची नाराजी देशभर होती आणि डेमोक्रॅट्सनी हाऊसमध्ये बहुमत मिळवलं. लॉबिस्ट जॅक अब्रामॉफ यांच्याकडून घेतलेल्या देणग्यांवरून पॉम्बोंवर टीका चालू होती. त्यांच्याच पक्षाचे माजी सदस्य पीट मॅकलॉस्की प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिले होते. यातला संघटनांचा वाटा किती, हे एका केसवरून सांगता येत नाही.

मग बाराच्या बारा केसेस घेतल्या तर? अडचण तीच राहते. संघटनेकडे पैसा मोजका, म्हणून ती चुरशीच्या जागा निवडते. सुरक्षित मतदारसंघातला सदस्य शून्य गुण घेऊनही यादीबाहेर राहू शकतो. म्हणजे यादीतले काही जण तसेही हरणारच होते. गॅरी जेकबसन यांनी 1978 मध्येच हा पेच उमेदवारांच्या खर्चाबाबत दाखवला होता: जास्त खर्च करणाऱ्या विद्यमान सदस्यांना मतं कमी मिळतात. खर्चामुळे मतं घटत नाहीत. जागा धोक्यात असते म्हणून खर्च वाढतो.

स्कोअरकार्डही जपून वापरा. कोणती मतदानं मोजायची हे संघटनाच ठरवते. सभागृह जवळपास निम्मंनिम्मं विभागलं जातं अशी मतदानं जास्त निवडली, की सदस्य प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा टोकाचे दिसतात. जेम्स स्नायडर यांनी 1992 मध्ये हे दाखवलं. तरीही कित्येक पेपरांत हे गुण म्हणजे सदस्याची पर्यावरणनिष्ठाच, असं धरून चालतात.

मग करायचं काय? यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या मतदारांपर्यंत प्रचार पोचवून बाकीच्यांशी तुलना, हा एक मार्ग. कॅला आणि ब्रूकमन यांनी 2018 मध्ये असे 49 प्रयोग एकत्र तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाचा उमेदवार समोर असताना मत वळवण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. प्रायमरीत मात्र परिणाम दिसतो.

यावरून लगेच ‘संघटना निरुपयोगी’ असंही लिहू नका. हे प्रयोग मत वळवण्याबद्दल आहेत. आपल्याला मतदानाला बाहेर काढणं वेगळं, आणि स्कोअरकार्डच्या धाकाने एखाद्या सदस्याने सभागृहातलं मत बदलणं त्याहून वेगळं. तो सदस्य यादीत येणारच नाही, मग माझ्या ‘किती हरले’च्या तक्त्यात तो कुठून दिसणार?

माझा प्रश्न आता असा आहे: यादीत थोडक्यात येता येता राहिलेल्यांचं काय झालं? डेटा जमवणं अवघड आहे, पण गाइडनी निदान यावेळी पान उलटलं.